कायद्यातला ‘शॅल’ आणि हरवलेला कर्ता

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेपुढे मसुद्यातला ३६वा अनुच्छेद आला. त्याचे पहिले अर्धे वाक्य सांगत होते की प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे. उरलेले अर्धे सांगत होते की संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी पहिले अर्धे वाक्य गाळण्याची दुरुस्ती सुचवली. हा भाग मार्गदर्शक तत्त्वांचा, तेव्हा त्यातल्या बाकीच्या कलमांशी याचा मेळ बसायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती मान्य केली आणि हक्काचे शब्द गेले. इंग्रजीत राहिले ते ‘द स्टेट शॅल एन्डेव्हर टु प्रोव्हाइड’. दहा वर्षांची मुदत जानेवारी १९६० मध्ये संपली. तोवर सगळी मुले शाळेत आलेली नव्हती, आणि ३७व्या अनुच्छेदामुळे त्याबद्दल कोर्टात दाद मागायची सोयही नव्हती. २००२ साली ८६व्या घटनादुरुस्तीने २१-क हा अनुच्छेद घातला. त्यात ‘एन्डेव्हर’ गळाले आणि ‘शॅल प्रोव्हाइड’ आले. तो प्रत्यक्ष लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडले.

‘शॅल’ दोन्ही वाक्यांत आहे. पहिल्या वाक्यात त्याने राज्याला फक्त प्रयत्नाला बांधले, दुसऱ्यात शिक्षण द्यायला. मधल्या काळात ज्यांची शाळा हुकली त्यांना या फरकाची किंमत मोजावी लागली. कायद्याच्या इंग्रजीतले हे सर्वांत वजनदार समजले जाणारे क्रियापद स्वतःच्या बळावर कोणालाही बांधत नाही. मला वाटते, भारतात यापुढे होणाऱ्या कायद्यांनी ते वापरणे थांबवावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मराठीत कायदे आणि शासन निर्णय लिहिणाऱ्यांनी त्याची सावली असलेले ‘करील’, ‘येईल’, ‘असेल’ बाजूला ठेवावे.

शाळेत आपल्यापैकी बहुतेकांनी घोकलेला नियम असा: ‘आय’ आणि ‘वी’ असेल तर ‘शॅल’, बाकी सगळ्यांना ‘विल’. हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ सालच्या इंग्रजी व्याकरणात सापडतो. वॉलिस ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते, अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह गणितात त्यांनीच आणले, आणि इंग्रजीचे हे व्याकरण त्यांनी लॅटिनमध्ये लिहिले होते. नियमाचा दुसरा भाग आपल्याला सहसा कोणी शिकवला नाही. प्रथम पुरुषात ‘शॅल’ नुसते भविष्य सांगते, पण ‘यू’, ‘ही’, ‘दे’ यांच्यासोबत आले की ते आज्ञा किंवा धमकी होते. बायबलमधल्या दहा आज्ञांचे ‘दाऊ शॅल्ट नॉट’ या दुसऱ्या जातीचे. कायद्यातले ‘शॅल’ही त्याच जातीचे, कारण कायदा नेहमी तिसऱ्या माणसाबद्दल बोलतो. खुद्द इंग्लंड-अमेरिकेत रोजच्या बोलण्यातून हे क्रियापद जवळपास गेले आहे. चहा ठेवू का, निघू या का, अशा प्रश्नांपुरते ते उरले आहे. एरवी ते कायद्यात, करारात आणि जुन्या प्रार्थनांत भेटते. म्हणजे जो शब्द लोक बोलत नाहीत, त्याच शब्दात त्यांची कर्तव्ये लिहिली जातात.

पण वॉलिसच्या मागे गेले की खरी गोष्ट कळते. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘शेआल’सारखे उच्चारले जाई आणि त्याचा मूळ अर्थ होता देणे लागणे. सुमारे हजार वर्षांपूर्वी बायबलच्या शुभवर्तमानांचे जुन्या इंग्रजीत भाषांतर झाले. त्यात लूकच्या सोळाव्या अध्यायात कारभारी कर्जदाराला विचारतो, माझ्या धन्याचे तू किती देणे लागतोस? तिथे ‘देणे लागतोस’साठी हेच क्रियापद आहे. जर्मनमधला ‘शुल्ड’ हा शब्द याच कुळातला. त्याचा अर्थ कर्जही होतो आणि अपराधही. मराठी माणसाला हा प्रवास परका वाटू नये. आपणही ‘मी त्याचे पाचशे रुपये देणे लागतो’ म्हणतो आणि त्याच क्रियापदाने ‘मला जावे लागेल’ म्हणतो. देण्यातून कर्तव्य आणि कर्तव्यातून भविष्य, असा रस्ता दोन्ही भाषा चालल्या आहेत.

देणे म्हटले की चार गोष्टी आल्या: देणारा कोण, घेणारा कोण, किती, आणि कधीपर्यंत. सावकाराच्या वहीत यातली एक जरी नसली तरी ती नोंद वसूल होत नाही. लूकच्या त्या प्रश्नात माणूस समोर उभा आहे, धनी ठरलेला आहे आणि उत्तरात तेलाची मापे मोजून सांगितली आहेत. पुढे मध्ययुगात ‘शॅल’ इंग्रजीचे भविष्यकाळाचे चिन्ह होऊ लागले, लॅटिनमधले भविष्यकाळ भाषांतरताना ते सर्रास वापरले गेले, आणि यातली एकेक गोष्ट त्याच्यापासून सुटत गेली. आज कोणत्याही भारतीय कायद्याची इंग्रजी प्रत उघडावी. कायदा अमुक तारखेपासून अमलात येईल, इथे ‘शॅल’ आहे, पण कर्तव्य कोणाचेच नाही. अमुक गोष्ट तमुक समजली जाईल, इथेही ‘शॅल’. मंडळात पाच सदस्य असतील, इथेही. आणि अधिकाऱ्याने तीस दिवसांत निर्णय द्यावा, इथेही तेच. व्याख्या, कल्पना, रचना आणि हुकूम यांना एकच क्रियापद असल्यावर हुकूम कुठला हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे?

ते ओळखण्याचे काम आपल्याकडे कोर्टांवर पडले आहे. वकिलांच्या बोलण्यात ‘मॅन्डेटरी’ आणि ‘डिरेक्टरी’ ही जोडी रोज येते. मॅन्डेटरी म्हणजे पाळले नाही तर पुढचे सगळे रद्द. डिरेक्टरी म्हणजे पाळायला हवे होते, पण पाळले नाही म्हणून काही बिघडत नाही. संविधानाचा अनुच्छेद ३२० सांगतो की सरकारी नोकराच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल; इंग्रजीत ‘शॅल बी कन्सल्टेड’. उत्तर प्रदेशातल्या मनबोधन लाल श्रीवास्तव या कर्मचाऱ्याने हाच मुद्दा उचलला की माझ्या बाबतीत सल्लामसलत नीट झाली नाही, म्हणून कारवाई रद्द करा. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे ‘शॅल’ बंधनकारक नाही. सल्ला न घेतल्याने कारवाई अवैध ठरत नाही, आणि कर्मचाऱ्याला त्यातून कोणताही हक्क मिळत नाही. संविधानातले ‘शॅल’, आणि तरीही त्यातून काही मागता येत नाही.

हा एखादा अपवाद असता तर सोडून देता आला असता. ग्राहक संरक्षण कायद्यात (१९८६ च्या जुन्या कायद्यात) विरुद्ध पक्षाने तीस दिवसांत आणि मंचाने वाढवून दिल्यास आणखी पंधरा दिवसांत आपली बाजू मांडायची होती. पंचेचाळीस दिवस उलटल्यावर काय? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने मुदत लवचीक मानली, त्याच साली दुसऱ्या पीठाने ती कडक मानली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मुदत बंधनकारक असल्याचा निर्णय दिला तो मार्च २०२० मध्ये. मधली अठरा वर्षे देशभरातल्या ग्राहक मंचांत बिघडलेल्या वस्तूची किंवा अडवलेल्या विम्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी हे ऐकावे लागायचे की पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीसच की कसे. तक्रार बाजूला राहायची आणि क्रियापदाचा अर्थ लावण्यात तारखा जायच्या.

दिवाणी प्रक्रिया संहितेची हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते, कारण तिथे एकाच नियमाची दोन रूपे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. २००२ च्या दुरुस्तीनंतर आठव्या आदेशाचा पहिला नियम म्हणू लागला की समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादी कैफियत देईल, आणि कोर्टाने मुदत वाढवली तरी ती नव्वद दिवसांच्या पुढे जाणार नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘शॅल’. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम डिरेक्टरी ठरवला: हे प्रक्रियेचे कलम आहे, न पाळल्यास काय होईल हे त्यात लिहिलेले नाही, म्हणून अपवादात्मक परिस्थितीत नव्वद दिवसांनंतरही कैफियत घेता येईल. पुढे २०१५ साली व्यापारी न्यायालयांचा कायदा झाला आणि अशा दाव्यांपुरता हाच नियम नव्याने लिहिला गेला. एकशेवीस दिवस संपले की प्रतिवादी कैफियत देण्याचा हक्क गमावेल आणि कोर्ट ती दाखल करून घेणार नाही, अशी जोड त्यात आली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आता पळवाट नाही. ‘शॅल’ आधीही होते आणि नंतरही आहे. फरक पडला तो परिणाम लिहिल्यामुळे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कोर्टाला अशी मोकळीक नसेल तर गरीब पक्षकार मारला जाईल. गावाकडच्या माणसाला समन्स उशिरा कळते, वकील भेटत नाही, कागद तालुक्याला अडकतात. नव्वदाव्या दिवशी दार बंद झाले तर त्याची बाजू कोणी ऐकणारच नाही. २००५ च्या निकालामागे ही करुणा आहे आणि तिचा मला आदर आहे. पण मग ती करुणा कायद्यातच लिहावी. अमुक कारणे असतील तर, ती लेखी नोंदवून, कोर्टाला इतके दिवस वाढवून देता येतील, असे एक वाक्य पुरे आहे. सूट कायद्यात लिहिली की ती सर्वांना मिळते, ज्याचा वकील नवखा आहे त्यालाही. क्रियापदाच्या धुक्यात ठेवली की ती ज्याला महागडा वकील परवडतो त्याच्या वाट्याला आधी येते.

प्रश्न फक्त कोर्टाच्या तारखांचा असता तर मी इतक्या पोटतिडकीने लिहिले नसते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात कॅसल रॉक नावाचे गाव आहे. तिथे राहणाऱ्या जेसिका गोन्झालेस यांना १९९९ साली कोर्टाने विभक्त झालेल्या नवऱ्यापासून संरक्षणाचा आदेश दिला होता. आदेशाच्या मागच्या बाजूला पोलिसांसाठी सूचना छापलेली होती: या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी तुम्ही प्रत्येक वाजवी उपाय कराल, भंग झाल्याचे दिसले तर अटक कराल, ती शक्य नसेल तर वॉरंट मिळवाल. प्रत्येक ठिकाणी ‘शॅल’. २२ जूनच्या संध्याकाळी नवऱ्याने अंगणात खेळणाऱ्या तीन मुलींना उचलून नेले. मुली सात ते दहा वर्षांच्या. आईने साडेसातच्या सुमारास पोलिसांना फोन केला. घरी आलेल्या पोलिसांना तिने आदेश दाखवला. दहापर्यंत थांबा, असे त्यांनी सांगितले. साडेआठला नवऱ्याशी तिचे फोनवर बोलणे झाले, मुली डेन्व्हरच्या एका करमणूक उद्यानात आपल्याबरोबर आहेत असे तो म्हणाला. तिने तेही पोलिसांना कळवले. पुन्हा दहापर्यंत थांबायला सांगितले. दहानंतर फोन केला तर बारापर्यंत थांबा. बारानंतर ती त्याच्या घरापाशी जाऊन आली, मग थेट ठाण्यावर गेली. तक्रार लिहून घेणारा अधिकारी जेवायला निघून गेला. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी नवरा स्वतःच ठाण्यावर आला, त्याने गोळीबार केला आणि पोलिसांच्या गोळीने तो मेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते.

आईने नगराविरुद्ध दावा लावला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २००५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ती हरली. संरक्षणाची अंमलबजावणी मिळण्याचा हक्क राज्यघटनेने तिला दिला आहे का, हा प्रश्न होता. बहुमताचा निकाल न्या. स्कॅलिया यांनी लिहिला. त्यांचे म्हणणे, पोलिसांना कारवाई करायची की नाही हे ठरवण्याची मुभा असते ही जुनी परंपरा आहे, आणि नुसत्या ‘शॅल’ने ती मोडली असे मानता येत नाही, खरे बंधन घालायचे असते तर कायद्याने त्याहून ठळक शब्द वापरायला हवे होते. २०११ साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने या प्रकरणात अमेरिकेला दोषी धरले, पण त्या आयोगाचे म्हणणे अमेरिकेच्या कोर्टांवर बंधनकारक नाही. त्या बाईच्या हातात जो कागद होता त्यावरचा शब्द तिने सरळ अर्थाने वाचला होता. कायद्याच्या भाषेत याहून मोठी फसवणूक मला माहीत नाही, आणि ती करण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, हे त्यातले सर्वांत भयंकर.

इतर देशांनी यावर काही केले आहे. दक्षिण आफ्रिकेची १९९३ ची अंतरिम राज्यघटना ‘शॅल’ने भरलेली होती. १९९६ ची कायमची राज्यघटना लिहिताना तिथल्या लोकांनी ठरवून ‘मस्ट’ घेतले. तिचा सातवा अनुच्छेद म्हणतो की राज्याने मूलभूत हक्कांचा आदर, संरक्षण, संवर्धन आणि पूर्तता केलीच पाहिजे. वर्णद्वेषी राजवटीत कायद्याची भाषा हे हत्यार म्हणून सोसलेल्या समाजाला साधा शब्द हवासा वाटला, यात नवल नाही. ऑस्ट्रेलियाचे मसुदाकार ‘मस्ट’ लिहितात. ब्रिटनच्या संसदेसाठी विधेयके लिहिणारे कार्यालयही आता ‘शॅल’ टाळते. ज्या घरातून आपल्याकडे हा शब्द आला त्या घरातूनच तो जातो आहे. अमेरिकेत संघराज्य न्यायालयांचे दिवाणी नियम २००७ मध्ये नव्याने लिहिले गेले तेव्हा समितीने स्पष्ट नोंदवले की हा शब्द संदिग्ध आहे, संदर्भाप्रमाणे त्याचा अर्थ ‘केलेच पाहिजे’, ‘करता येईल’ किंवा आणखी काही होतो, म्हणून तो काढला आहे.

त्या अमेरिकी नियमांतला एक तुकडा माझ्या मताविरुद्ध जातो, तोही सांगतो. महत्त्वाच्या तथ्यांबद्दल खरा वाद नसेल तर खटला पूर्ण न चालवताच निकाल देण्याबद्दलचा ५६वा नियम आहे. २००७ मध्ये तिथल्या ‘शॅल’च्या जागी ‘शूड’ घातले. त्याने न्यायाधीशाला जास्त मोकळीक मिळाली असे वाटू लागले, आणि २०१० मध्ये समितीने तिथे ‘शॅल’ परत आणले, कारण त्या शब्दावर अनेक दशकांचे निकाल साचलेले होते. म्हणजे जुना शब्द उपटताना मुळाशी काय काय अडकलेले आहे ते पाहावे लागते. म्हणूनच मी जुने कायदे दुरुस्त करत बसा असे म्हणत नाही. संविधानातल्या ‘शॅल’ला हात लावायचे काही कारण नाही, पाऊणशे वर्षांच्या निकालांनी त्यातल्या बहुतेकांचा अर्थ ठरवला आहे. पण नव्या कायद्यात जुना घोळ नव्याने घालायचा कशासाठी? नुसते ‘मस्ट’ लिहिले की काम झाले असेही नाही. कोर्ट ‘मस्ट’चाही अर्थ लावू शकते. ज्याने करायचे त्याचे पद, मुदत आणि चुकल्यास काय, हे लिहिले नाही तर कोणतेही क्रियापद पोकळच.

मराठीत हा प्रश्न अधिक अवघड होऊन बसतो, आणि इथे मला सर्वांत जास्त म्हणायचे आहे.

अनुच्छेद ३४८ प्रमाणे कायद्याचा अधिकृत पाठ इंग्रजी. राज्याने आपली भाषा ठरवली तरी राजपत्रात प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतरच अधिकृत धरले जाते. त्यामुळे मराठी पाठ इंग्रजीचे बोट धरून चालतो. ‘शॅल’ला ‘करील’, ‘मे’ला ‘करू शकेल’ अशी ठरलेली जोडी झाली आहे. अनुच्छेद १४ मराठीत म्हणतो की राज्य कोणत्याही व्यक्तीस कायद्यापुढे समानता नाकारणार नाही. मराठी वाचणाऱ्याला हे आश्वासन वाटते, फार तर भाकीत. राज्याला मनाई केली आहे, हे त्या क्रियापदातून त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘शासन नियम करू शकेल’ हे वाक्य तर शासनाच्या कुवतीबद्दल बोलते. शासनाला तसा अधिकार दिला आहे हे मराठीत ‘नियम करण्याचा अधिकार शासनाला आहे’ असेच सांगावे लागते. इंग्रजीतले ‘शॅल’ झिजलेले असले तरी त्याच्यापाशी निदान आज्ञेची आठवण आहे. मराठीतल्या ‘ईल’ला ती कधीच नव्हती.

आणि मराठी काही हुकमाच्या भाषेत दुबळी नाही. १६७६ साली शिवाजी महाराजांनी प्रभावळी मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत याला पत्र लिहिले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा मोह धरू नये, असे त्यात बजावले आहे. त्या काळच्या पत्रांत हुकूम ‘वर्तणे’, ‘करणे’ असा येतो आणि कोणाला आहे ते पहिल्याच ओळीत नावानिशी असते. तेवढ्या लांब जायचे नसेल तर १९१७ चे कोल्हापूर पाहावे. शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरवला. कोणी, काय, आणि न केल्यास किती, हे सगळे त्यात होते. संविधान सभेतल्या ‘प्रयत्न करील’च्या एकतीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. संस्थानाचा आकार आणि देशाचा आकार यांची तुलना होत नाही, हे मान्य. पण भाषेची तुलना नक्की होते.

आजच्या सरकारी मराठीत मात्र कर्ताच सापडत नाही. ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल.’ ‘प्रस्ताव सादर करण्यात यावा.’ ‘दक्षता घेण्यात यावी.’ कोणी करायची? कोण सादर करणार? शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदापर्यंत शोधले तरी पदाचे नाव मिळत नाही. मिळाले तर ‘संबंधित’ एवढेच. दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालणाऱ्या बाईला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवता येते, कारण कागदावर ते काम कोणत्याच टेबलाचे नाही. टोलवाटोलवीचा दोष आपण कारकुनाच्या स्वभावाला देतो. मला तो आधी वाक्यरचनेत दिसतो.

बदल्यांचे विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा, ज्याला लोक दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्याचे दहावे कलम पाहा. प्रत्येक सरकारी कर्मचारी आपले काम शक्य तितक्या तत्परतेने करण्यास बांधील आहे, आणि सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल कोणाकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहणार नाही. सात दिवस हा आकडा चांगला, स्पष्ट. पण त्याच्या आधी ‘सर्वसाधारणपणे’ बसले आहे आणि नंतर ‘राहणार नाही’. आठव्या दिवशी काय होते? जाणूनबुजून किंवा हयगयीने विलंब केला असेल तर शिस्तभंगाची कारवाई, पण ते जाणूनबुजून होते हे आधी वरिष्ठाने ठरवायचे. फाईल ज्या नागरिकाची आहे त्याच्या हातात आठव्या दिवशी काहीच येत नाही.

याच्या शेजारी त्याच साली झालेला माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा ठेवावा. सातव्या कलमाप्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे. न दिल्यास माहिती नाकारली असे समजले जाते, म्हणजे एकतिसाव्या दिवशी अर्जदाराला अपिलाचे दार आपोआप उघडते. मुदतीनंतर माहिती द्यायची झाली तर फुकट. आणि विसाव्या कलमाने त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. माहिती आयोग दंड लावायला कचरतात ही तक्रार खरी आहे. तरी या कलमाने सामान्य माणसाच्या हातात जे दिले ते दुसऱ्या क्वचितच एखाद्या कायद्याने दिले असेल. आता त्याच कायद्याचे चौथे कलम. प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने सतरा प्रकारची माहिती १२० दिवसांत आपण होऊन जाहीर करायची. ‘शॅल’ इथेही आहे. दंड मात्र नाही, आणि कर्तव्य कुठल्या एका अधिकाऱ्याच्या नावावर नाही, कार्यालयाच्या नावावर आहे. कायदा होऊन अठरा वर्षे झाल्यावर, २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला माहिती आयोगांना सांगावे लागले की या कलमाच्या पालनावर लक्ष ठेवा. एकच संसद, एकच कायदा, एकच क्रियापद. सातवे कलम चालले आणि चौथे लोळत पडले.

काम सोपे नाही, पण सुरू करायला घटनादुरुस्ती लागत नाही. अधिनियमांची भाषा इंग्रजीला बांधलेली असली तरी शासन निर्णय, परिपत्रके, महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या नोटिसा, अर्जांमागच्या सूचना हे सगळे मराठीतच जन्मते. भाषा संचालनालय १९६० पासून आहे. परिभाषा कोश त्याने पुष्कळ केले. आता त्याने वाक्यरचनेचा एक नियम मंत्रालयाच्या प्रत्येक विभागाला लावून द्यावा: कर्तव्य सांगणाऱ्या वाक्यात पदाचे नाव कर्त्याच्या जागी आले पाहिजे, आणि ‘करण्यात यावे’ असलेला मसुदा सहीसाठी पुढे जाता कामा नये. आमदारांनी विधेयकावर बोलताना प्रत्येक ‘करील’पाशी थांबून विचारावे की न केल्यास काय, आणि उत्तर विधेयकात लिहून घ्यावे. दफ्तर दिरंगाईच्या दहाव्या कलमापासून सुरुवात करता येईल. ते असे लिहावे: ‘फाईल ज्या कर्मचाऱ्याकडे आली त्याने सात कामकाजाच्या दिवसांत ती निकाली काढलीच पाहिजे किंवा न काढण्याचे कारण तिच्यावर लिहिले पाहिजे. आठव्या दिवशी फाईल वरिष्ठाकडे गेली असे समजले जाईल, आणि ती कोणाकडे किती दिवस होती हे कार्यालयप्रमुखाने अर्जदाराला त्याच दिवशी लेखी कळवले पाहिजे.’